एकेचाळीस नंबरमधलं बिऱ्हाड

नोएलीन क्रॉसनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका फ्लास्कला दटावत होती. "चार दिवस झाले, ढिम्म हलत नाहीस. जेवण आवडत नाही का तुला?" असं ती अगदी मनापासून विचारत होती. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. मी नवीन होते, म्हणून गप्प बसले. एरवी मी गप्प बसणारी नाही, हे विभागातलं कुणीही सांगेल.

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. डनीडनच्या चढावरच्या एका जुन्या इमारतीत जनुकांवर संशोधन चालायचं, आणि तिथल्या 'स्वयंपाकघरात' मला नोकरी लागली होती. काचेची भांडी घासायची, वाफेवर निर्जंतुक करायची, आणि पेशींना लागणारं गुलाबी पाणी बनवायचं, हे माझं काम. ते पाणी म्हणजे पेशींचं जेवण. मी रांधायचे आणि नोएलीन वाढायची. माणसाच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा ती फ्लास्कमध्ये ठेवायची, उबेत सांभाळायची, आणि महिन्याभरात त्या तुकड्याचं सगळा तळ व्यापणारं पातळ कातडं व्हायचं. जास्त झालं की छोट्या नळ्यांत भरून गोठवायचं. गोठवलेलं वीस वर्षांनीही जागं करता येतं. माणूस कधीच मातीत गेलेला असतो, आणि त्याची कातडी इकडे सकाळी जेवण मागत असते. मला याची कधी सवय झाली नाही. नोएलीनला कधी त्यात काही वावगंच वाटलं नाही.

ती उंच, हाडकुळी, लग्न न केलेली बाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची ती धडगत ठेवायची नाही. एका वेळी एकच फ्लास्क उघडायचा. काम झालं की तो उबेत ठेवायचा, ओटा पुसायचा, पिपेट फेकून द्यायची, आणि बाहेर येऊन एक कप चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत हवेत उडालेलं सगळं खाली बसतं. मग दुसरा फ्लास्क. नवी पोरं हसायची. "नोएलीन, दिवसाला किती चहा होतात तुमचे?" ती म्हणायची, "हसा. एका बिऱ्हाडात दुसरं घुसलं ना, तर दहा आठवड्यांत पहिल्याचा मागमूस राहत नाही. दारावरची पाटी मात्र तीच असते." तो चहा मीच करून द्यायचे. म्हणून पुढे जे झालं त्यात मीही आहे.

आमचे प्रोफेसर ऑल्डरिज अशा घराण्यांचा शोध घेत होते ज्यांतली धडधाकट माणसं अचानक मरतात. हृदय बंद पडतं, कारण सापडत नाही. खाली शेतीवाडीच्या भागातल्या मिसेस पेजेट नावाच्या बाईचे दोन भाऊ असे गेले होते. तिच्या कातडीचा तुकडा म्हणजे नमुना नंबर एकेचाळीस. आजारी घराण्याच्या पेशी वाढवल्या की तुलनेसाठी निरोगी माणसाच्याही लागतात, आणि ती निरोगी माणसं म्हणजे आम्हीच. विभागात रिवाजच होता: दंडावरचा तुकडा द्या आणि माझ्या हातचा एक गरम चीज रोल खा. मी दिला, शिपायाने दिला, प्रोफेसरांच्या बायकोनेही दिला.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात नोएलीनची धाकटी बहीण ग्लेनिस तिला भेटायला आली आणि चीज रोलचा वास घेत थेट स्वयंपाकघरात शिरली.

"मलाही द्या की एक."

"आधी कातडी," मी म्हटलं.

"घ्या. पण रोल दोन लागतील. मी पोहून आलेय."

अशी ती. केस ओले, मानेवर एक भोवरा, डावीकडे वळणारा. तिथले केस काही केल्या बसायचे नाहीत, आणि नोएलीन येता-जाता ते हाताने चापून बसवायची. पाच वर्षांची टेसा आईच्या कोटाला धरून उभी होती. ग्लेनिसने तुकडा दिला, दोन रोल खाल्ले आणि तिसरा लेकीसाठी बांधून नेला.

पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, ती समुद्राकाठच्या खाऱ्या पाण्याच्या तलावात बुडाली. वय तेहतीस. माशासारखी पोहणारी बाई, छातीभर पाण्यात. लोक म्हणाले, पायात गोळा आला असेल. थंड पाण्याने झटका बसला असेल. डॉक्टरनेही तसंच काहीतरी लिहिलं आणि विषय संपला.

फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. नोएलीनने ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि पुन्हा कामाच्या खोलीत गेली. मी काचेतून पाहत होते. तिने ग्लेनिसचा फ्लास्क काढला, त्याचं पाणी बदललं, बराच वेळ दोन्ही हातांत धरून बसली. मी चहा करून बाहेर ठेवला. ती आलीच नाही. तशीच बसून तिने पुढचा फ्लास्क ओढला आणि त्याच पिपेटने त्यालाही जेवण वाढलं. तो एकेचाळीस नंबर होता. दुपारी मी तो चहा ओतून दिला. वर साय धरली होती. कप काठोकाठ भरलेला होता, हे मला लख्ख आठवतं, आणि तेव्हा मी त्याचा काडीचाही विचार केला नाही. बहीण मेल्यावर कोण चहा पितं?

दोन आठवड्यांनी प्रोफेसरांनी हळूच सांगितलं, "नोएलीन, तो फ्लास्क ठेवू नका. बरं दिसत नाही." तिने स्वतःच्या हाताने त्यात ब्लीच ओतलं. मी शेजारी उभी होते.

उन्हाळा सरला असेल. एका सकाळी तिने मला हाक मारली. रे हे माझं नाव.

"रे, जरा इकडे ये. एकेचाळीस बघ."

एकेचाळीस हा तिचा सगळ्यात रडका फ्लास्क. कधी वाढायचा नाही, फुगून बसायचा. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. तळ गच्च भरला होता. लांबट पेशी एकमेकींना चिकटून एका बाजूला वळत गेल्या होत्या आणि मधोमध भोवरा पडला होता.

"कुठे वळतो?" तिने विचारलं.

"डावीकडे."

मग तिने फ्लास्कच्या वरच्या बाजूवरून बोट फिरवलं, केस चापून बसवावेत तसं, आणि म्हणाली, "खुलली आहे आता एकेचाळीस." शिकलेली माणसं सांगतात की पेशींचा भोवरा कुठेही वळतो, त्याला अर्थ नसतो. असेल बाबा. मी फक्त भांडी घासते. पण तो भरलेला कप मला त्याच क्षणी आठवला, आणि तरीही मी मूग गिळून बसले. सांगितलं असतं तर पुन्हा ब्लीच आलं असतं, आणि ते तिला दुसऱ्यांदा ओतायला लावायची माझी छाती नव्हती.

त्यानंतर तीस वर्षं आम्ही दोघींनी या विषयावर एक शब्द काढला नाही. एकेचाळीसच्या नळ्या गोठायच्या, जाग्या व्हायच्या, पुन्हा गोठायच्या. जागं करताना नोएलीन पुटपुटायची, "ऊठ गं, सकाळ झाली." बाकीच्या कुठल्याही नमुन्याला ती असं म्हणायची नाही. मिसेस पेजेट मधल्या काळात म्हातारी होऊन अंथरुणात वारली. तिच्या कातडीतला शेवटचा कण त्या फ्लास्कमधून कधीच नाहीसा झाला होता, आणि बाहेर पाटी तिचीच होती.

मग एक कंपनी निघाली. प्रोफेसरांचा जुना विद्यार्थी कॅलम परदेशातून शिकून आला. कातडीच्या पेशी मागे वळवून, गर्भातल्यासारख्या कोवळ्या करून, त्यांचं हृदय बनवायची विद्या त्याच्या हातात होती. त्याने एकेचाळीसच्या पेशी घेतल्या, आणि त्यांच्या जनुकात प्रोफेसरांना तीस वर्षं हुलकावणी देणारा दोष सापडला. पेजेट घराण्याच्या साठवलेल्या रक्तात तो मिळत नव्हता. कॅलम म्हणाला, रक्त जुनं झालंय, खराब झालं असेल. प्रोफेसर म्हणाले, असेल. हवं ते सापडलं की माणसं फार खोदत नाहीत. दोष शोधल्याचं पेटंट नोंदवलं, औषध शोधायचं ठरलं, तळमजल्यावर नवं फर्निचर आलं, आणि सिडनीहून मोठी माणसं सह्या करायला येणार असं ठरलं.

ती यायच्या आठ दिवस आधी, सकाळी साडेसातला, कॅलमने आम्हा दोघींना खाली बोलावलं. नोएलीन त्याच महिन्यात निवृत्त होणार होती. त्याला तिचा मान ठेवायचा होता. पोरगा वाईट नाही.

"नोएलीन, तुम्ही वाढवलेलं लेकरू बघा," तो म्हणाला.

बशीत पावलीएवढा फिकट तुकडा होता, आणि तो धडधडत होता. मायक्रोस्कोपशिवायही दिसत होतं. आत येत होता, बाहेर जात होता, एका लयीत. खोलीत उजेड होता, बाहेर रस्त्यावर विद्यार्थी बोलत चालले होते, आणि मला मात्र ओरडत पळून जावंसं वाटत होतं. नोएलीन वाकून बघत होती. तिचा चेहरा असा उजळला होता की तिच्याकडे बघवेना.

"आता गंमत बघा," कॅलम म्हणाला. "माणूस दमला, दचकला, गार पाण्यात शिरला की अंगात जे उसळतं, ते मी यात एक थेंब टाकतो."

त्याने थेंब टाकला. तुकडा वेगाने धडधडला, मग चुकला. पुन्हा चुकला. मग नुसता थरथरत राहिला, आणि थांबला.

"ही आपली कंपनी," तो म्हणाला. "अशी माणसं खेळताना जातात, धावताना जातात. पोहताना तर फार. बुडाली म्हणून नोंद होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही."

नोएलीन सरळ झाली. पांढरीफटक पडली होती. ती जिना चढून माझ्या स्वयंपाकघरात आली आणि मी मागोमाग.

"रे," ती म्हणाली, "टेसा रोज सकाळी पोहते."

मी घड्याळ बघितलं. आठला दहा कमी. टेसा आता छत्तीस वर्षांची होती, तलावावर मुलांना शिकवायची, आणि शिकवणी सुरू व्हायच्या आधी स्वतः पन्नास फेऱ्या मारायची. त्याच तलावात, आईच्या. आम्ही फोन लावला. वाजत राहिला. गाडी मी चालवली. नोएलीनच्या हाताचं चालवणं तेव्हा देवालाही परवडलं नसतं. रस्ताभर ती एकच वाक्य म्हणत होती, "मला वाटलं मी तिला जपतेय."

तलावावर पोचलो तेव्हा पलीकडे समुद्र उसळत होता आणि पाण्यात फक्त एक टोपी होती, पिवळी, जात-येत. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि नोएलीनने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"ओरडू नकोस. दचकेल."

मग ती पांढऱ्या कोटात, बुटांसकट, पायऱ्या उतरून पाण्यात गेली. घाई नाही, आवाज नाही. कमरेपर्यंत पाण्यात, टेसाच्या रांगेच्या टोकाला, हात पसरून उभी राहिली. पिवळी टोपी पलीकडच्या टोकाला वळली आणि आमच्याकडे येऊ लागली. मधोमध पोचल्यावर ती थांबली. पाणी सपाट झालं. मी कठडा धरला. मला वाटलं, झालं. तेवढ्यात टेसाने डोकं वर काढलं, चष्म्यातलं पाणी झटकलं आणि समोर बघितलं.

"मावशी? कोट घालून पोहायला आलीस?"

"हळू ये," नोएलीन म्हणाली. "चालत ये. काही घाई नाही."

तिने टेसाला बाहेर काढलं, टॉवेलात गुंडाळलं, आणि तिथल्याच बाकावर बसून सगळं सांगितलं. पिपेट, न प्यालेला चहा, भोवरा, सगळं. नोएलीनच्या कोटातून पाणी गळत होतं.

"म्हणजे आई तीस वर्षं तुझ्याकडे होती," टेसा शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि मी दर रविवारी कबरीवर फुलं घेऊन जात होते. तू माझ्याबरोबर यायचीस, मावशी. शेजारी उभी राहायचीस."

नोएलीनने मान खाली घातली. मीही. त्या पोरीच्या आवाजात राग होता तो रास्तच होता.

त्याच दुपारी टेसाच्या हृदयाची पट्टी काढली. आठवड्यात जनुकाचाही निकाल आला. दोष तिच्यात होता. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं, आणि पोहणं बंद केलं. "इतकी वर्षं कशी निभावलीत हेच नवल," असं तो डॉक्टर म्हणाला. मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

नोएलीनने प्रोफेसरांना स्वतः जाऊन सांगितलं. "तीस वर्षं मी त्या घराण्याला म्हणत होतो की दोष तुमच्यात आहे," ते म्हणाले. मग उठले, गाडी काढली, आणि पेजेटच्या मुलांना भेटायला दोन तास दक्षिणेला गेले. दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन. सिडनीच्या माणसांना येऊ नका म्हणून कळवलं.

कॅलम मात्र टेसाला भेटायला आला. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच स्टुलावर बसला.

"दोष खरा आहे," तो म्हणाला. "औषध खरं होणार आहे. तुमच्यासारख्या किती जणांना लागेल ते. फक्त पाटी बदलायची. आईच्या पेशी वापरायला तुमची परवानगी मिळाली तर..."

"आईला कुणी विचारलं होतं?"

"तुलनेसाठी दिल्या होत्या त्यांनी. याच्यासाठी नाही," कॅलम म्हणाला. खोटं बोलला नाही.

टेसाचे वडील माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतले, आणि त्यांच्याकडे मेलेल्या माणसाचं नखसुद्धा बाहेर पडलेलं चालत नाही. पण तिने ते कारण पुढे केलं नाही.

"माझी कातडी घ्या," ती म्हणाली. "मी जिवंत आहे. मला विचारता येतं, मला नाही म्हणता येतं. मी मेले की त्याच दिवशी सगळं टाकून द्यायचं, हे कागदावर लिहा. आणि आईला घरी जाऊ द्या."

मार्चमध्ये आम्ही ग्लेनिसला नेलं. टेसाच्या वडिलांच्या माणसांची दफनभूमी किनाऱ्यावर आहे, ग्लेनिस तिथेच पुरलेली. गोठवलेल्या नळ्या एका डब्यात होत्या. पण त्याच पेशींची आणखी एक बशी कॅलमकडे धडधडत होती, ती नोएलीनने डब्यात ठेवू दिली नाही. गार पडली की थांबेल, म्हणाली. तिने ती झाकण लावून, ब्लाउजच्या आत पोटाशी धरली आणि वर लोकरी कोट घातला. तासाभराच्या वाटेत टेसाने आपला हात मावशीच्या कोटाच्या आत घातला, आणि तिथेच ठेवला.

कबरीजवळ टेसाच्या आजीने प्रार्थना म्हटली. नोएलीनने बशी बाहेर काढली. वारा बोचरा होता. तुकडा अजून हलत होता, पण हळू. दोन ठोक्यांत आता मोठं अंतर पडत होतं. आम्ही सगळे उभे राहून वाट बघत होतो, आणि मला कळत होतं की आपण कशाची वाट बघतोय.

"पुरे आता, ग्लेन," नोएलीन म्हणाली. "पोरगी सुखरूप आहे. झोप."

नंतरचा ठोका आला नाही. मग टेसाने माती लोटली.

जून महिन्यात टेसा विभागात आली, बाही वर केली आणि दंडावरचा तुकडा दिला. मी चीज रोल केले. तिने दोन खाल्ले आणि तिसरा कागदात बांधून घेतला.

महिन्याने फ्लास्क भरला तेव्हा कॅलमने नोएलीनला घरून बोलावून आणलं. निवृत्त झाल्यापासून ती आलीच नव्हती. मी चहा केला आणि ती आधी तो शेवटच्या घोटापर्यंत प्याली. मग हातमोजे घालून आत गेली, एकटीच, आणि मायक्रोस्कोपवर वाकली. मी काचेतून पाहत होते. ती इतका वेळ वाकून राहिली की मला दार उघडावं लागलं.

"काय झालं?"

तिने डोळा न काढता हात वर केला, बोट हवेत फिरवलं, सावकाश, डावीकडे. मग फ्लास्क उबेत ठेवला, ओटा पुसला, आणि मला म्हणाली, "टेसाला सांगू नकोस. तिच्या मानेवर नाहीये तो भोवरा, ग्लेनच्या होता."